पोटातले जंतू आणि माणसाचे मन

मराठी भाषेने मनाचे पुष्कळसे व्यवहार पोटाच्या स्वाधीन केले आहेत. भीतीने पोटात गोळा येतो, आईच्या पोटात माया असते, कपटी माणसाच्या ओठात एक आणि पोटात एक असते. हे वाक्प्रचार अनुभवातून जन्मले, त्यांना प्रयोगाचा आधार नव्हता. आतड्यांत वस्ती करणाऱ्या अगणित जंतूंचा मनाशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न शास्त्राने गंभीरपणे हाती घेतला त्याला शंभरावर थोडी वर्षे झाली. ह्या अल्प इतिहासात ज्ञानाची वाटचाल आहे, तशीच उतावळेपणाने घेतलेल्या बळींचीही नोंद आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकॉफ हे थोर शास्त्रज्ञ काम करीत होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, तेथील जंतू विषे निर्माण करतात आणि ती रक्तात भिनून अकाली वार्धक्य आणतात, असे त्यांचे मत होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांप्रमाणे आंबवलेले दूध सेवन करण्याचा सल्ला दिला. दह्याताकावर पोसलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये! १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी, परंतु त्या कीर्तीचे तेज त्यांच्या ह्या तर्कावरही पडले.

तर्काला सिद्धांत मानले म्हणजे काय घडते, ते अमेरिकेतील ट्रेंटन येथे दिसले. तेथील सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांची अशी दृढ श्रद्धा होती की, वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात असते. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले आणि तेवढ्याने गुण आला नाही, तेव्हा मोठी आतडीही कापून काढली. शंभरांपैकी पंचाऐंशी रुग्ण बरे होतात, असा त्यांचा दावा होता. मात्र आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. १९२४ साली त्यांचे गुरू अ‍ॅडॉल्फ मायर यांनी डॉ. फिलिस ग्रीनेकर यांना चौकशीसाठी पाठवले. बरे झालेल्या रुग्णांवर सर्वांत कमी उपचार झाले होते, तर न सुधारलेल्यांवर आणि मृतांवर सर्वांत अधिक, असे त्यांना आढळले. हा अहवाल मायर यांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. शस्त्रक्रिया चालू राहिल्या.

वस्तुतः धीमी, पण खात्रीची वाट त्यापूर्वीच सापडली होती. १८९३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आतड्यांतून यकृताकडे जाणारे रक्त त्यांनी यकृत टाळून थेट मोठ्या नीलेत सोडले. शांत कुत्री चिडखोर व आक्रमक बनली आणि मांस खाऊ घालताच त्यांना झटके येऊन ती बेशुद्ध पडू लागली. आतड्यांतून निघणारे काहीतरी मेंदूला बाधते आणि यकृत त्याला वेशीवरच अडवते, हे त्यावरून उघड झाले.

ह्या निष्कर्षाची माणसातील साक्ष १९५४ साली लंडनमध्ये डॉ. शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला दिवसा झोप येते, रात्री येत नाही. स्वभाव पालटतो, हस्ताक्षर बिघडते, काडेपेटीतील काड्यांची साधी चांदणीही जुळवता येत नाही. आतड्यांतील जंतू प्रथिनांपासून अमोनियासारखी द्रव्ये बनवतात आणि ती मेंदूपर्यंत पोचतात. आहारातील प्रथिने कमी केली व जंतूंना आवर घालणारी औषधे दिली की, भ्रम ओसरतो असे दिसून आले. जंतूंना आवरणारी औषधे ह्या रोगात आजही दिली जातात. त्यासाठी कुणाचे आतडे कापावे लागत नाही.

पुढचे पाऊल जपानमध्ये पडले. २००४ साली क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी संपूर्णपणे जंतुविरहित वातावरणात उंदीर वाढवले. त्यांना कोंडून ठेवताच सामान्य उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके अधिक प्रमाणात आढळली. लहानपणीच आतड्यांत जंतू सोडले तर हा दोष दूर होई, उशीर झाला तर होत नसे. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी एका विशिष्ट जंतूमुळे उंदरांचे भय कमी होते, असे दाखवले. मात्र मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस ही मज्जा छेदली की, तो परिणाम नाहीसा होई. मनाकडे जाणारी एक वाट अशी हाती आली.

तथापि, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कॉर्कच्या संशोधकांनी तोच जंतू निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तेव्हा ताणावर त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. आपल्याच आशेचा भंग करणारा हा निष्कर्ष त्यांनी २०१७ साली स्वतः प्रसिद्ध केला.

ट्रेंटन आणि कॉर्क यांच्यातील खरे अंतर येथेच आहे. जंतूंचा मनाशी संबंध असावा, ही शंका दोन्हीकडे होती आणि ती निराधारही नव्हती. एकीकडे अपयश कपाटात बंद झाले आणि त्याची किंमत मुक्या, असहाय रुग्णांनी मोजली. दुसरीकडे ते जगापुढे ठेवले गेले आणि पुढच्या संशोधकाची वाट मोकळी झाली. मन प्रसन्न करणाऱ्या जंतूंच्या पुड्या आज बाजारात मिळतात. त्या घेणाऱ्याने हा इतिहास आठवावा आणि विकणाऱ्याने तर अवश्य आठवावा.