मेंदूच्या माहितीची मानके

आकाश एकच असले, तरी गणनेचा आरंभबिंदू वेगळा धरला की पंचांगे जुळत नाहीत. नारायण पेठेतील केसरीवाड्यात वास्तव्य केलेल्या लोकमान्य टिळकांनी रेवती पक्षाचा पुरस्कार केला. बहुतेक पंचांगे मात्र चित्रा पक्षाची आहेत. परिणामी काही वर्षी टिळक पंचांगातील अधिक मास निराळा येतो आणि सण महिनाभर मागेपुढे होतात. मेंदूविज्ञानातही असाच पेच उद्भवला होता. तेथे प्रश्न डाव्या-उजव्याचा होता.

एमआरआय प्रतिमा साठवण्यासाठी पूर्वी 'अॅनालाइझ' ही संगणकीय रचना सर्रास वापरली जाई. प्रतिमेची कोणती बाजू रुग्णाची डावी, हे तीत निःसंदिग्धपणे नोंदलेले नसे. क्ष-किरणतज्ज्ञ रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे पाहतात. अनेक संशोधकांचा संकेत नेमका उलट. फाइल दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली की गोलार्धांची अदलाबदल होण्याची भीती असे. बहुसंख्य माणसांत भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असल्याने ही चूक क्षुल्लक नव्हे. २००० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या 'निफ्टी' रचनेने दिशांची नोंद करण्याची सोय केली. (शेअर बाजारातील निफ्टीशी तिचा काहीही संबंध नाही.)

पुढचे पाऊल म्हणजे 'ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चर', अर्थात 'बिड्स'. २००५ मध्ये स्थापन झालेल्या 'आयएनसीएफ' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यगटातील चर्चांतून ते आकारास आले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील नियम कारकुनी वाटावेत इतके साधे आहेत. प्रत्येक सहभागी व्यक्तीचे स्वतंत्र फोल्डर, त्यात रचनाविषयक व कार्यविषयक प्रतिमांचे वेगळे कप्पे, शेजारी मोजणीचा तपशील. यंत्र दोन प्रतिमांमधील काळ मिलिसेकंदांत देते, 'बिड्स' तो सेकंदांत मागते. हे न पाळल्यास २ सेकंदांचे २००० सेकंद होतात आणि पुढचे सारे विश्लेषण निरर्थक ठरते. २०१९ पर्यंत एमईजी व ईईजी या तपासण्यांसाठीही जोडनियम तयार झाले. बदल कोणीही सुचवू शकतो. निर्णय चर्चेने होतो, त्यामुळे वेळ लागतो.

फाइलींची नावे व मांडणी तपासणारी आज्ञावली उपलब्ध आहे. रुग्णाचे वय खरे लिहिले आहे काय, हे मात्र ती सांगू शकत नाही. एमआरआयमधून चेहऱ्याची ठेवण पुन्हा उभी करता येते. म्हणून माहिती खुली करण्यापूर्वी चेहऱ्याचा भाग पुसण्याचे काम संशोधकांनाच वेगळे करावे लागते.