हिरेबेणकल : पांडवांची घरं नव्हेत, अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी

हुबळी : कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीच्या अलीकडे सुमारे १० किलोमीटरवर हिरेबेणकल गाव आहे. गावामागच्या डोंगरावर दगडी फळ्यांच्या खोल्या उभ्या आहेत. तीन-चार उभ्या फळ्या, वर एक सपाट शिळा आणि काही खोल्यांना गोल भोक. गावकरी याला ‘मोरेर गुड्डा’ म्हणतात. मोरेर म्हणजे बुटकी माणसं, ती इथं राहायची अशी समजूत. आपल्याकडे असं काही दिसलं की पांडवांचं नाव निघतं, तसंच हे.

प्रत्यक्षात ही लोहयुगातली स्मशानभूमी. काळ साधारण इ.स.पू. ८०० ते २००. लहान-मोठी मिळून सुमारे ४०० थडगी. जवळच तळं आहे. एका मोठ्या खडकावर नगाऱ्यासारखा दगड आहे. तो ठोकला की आवाज लांबवर जातो.

१९व्या शतकात मेडोज टेलर यांनी या जागेची नोंद केली. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले डॉ. ए. सुंदर यांनी दक्षिणेतल्या अशा थडग्यांचा अभ्यास करून १९७५ मध्ये ग्रंथ लिहिला. २०२१ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळंही याच परंपरेतली. तिथं मृताभोवती दगडांचं कडं करून आत दगडगोट्यांची रास घालत. हिरेबेणकलला खोली बांधली, एवढाच फरक.

कायदा काय म्हणतो?

दोन्ही ठिकाणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती यांनुसार हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम व खाणकाम बंद. त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. स्मारकाची मोडतोड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

धन सापडतं का?

अशा थडग्यांचा खरा घात धनाच्या आशेनं होतो. शास्त्रीय उत्खननात बहुतेक निघालं ते हाडं, मडकी, मणी आणि लोखंडी हत्यारं. हंडाभर सोनं नव्हे. फळी उपटली की खोली कोसळते, आणि कोण, कसं पुरलं हे सांगणारा पुरावाही जातो.

कसं जाल?

हुबळीहून गदगमार्गे कोप्पळ, पुढे गंगावती रस्ता. गावातून डोंगर पायीच चढायचा. पाणी सोबत घ्या, सकाळीच निघा. शिळांवर चढू नका, नावं कोरू नका.

शेवटी, ते कुणाच्या तरी घरच्या माणसांचं स्मशान आहे.