पोपटाला विचारायचा पहिला प्रश्न

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कादंबरी’ हा शब्द आपण मराठी माणसे सर्रास वापरतो. तो ज्या ग्रंथावरून आला, त्या बाणभट्टाच्या संस्कृत ‘कादंबरी’ची कथा एक पोपट सांगतो, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. हा ग्रंथ सातव्या शतकातला, सम्राट हर्षवर्धनाच्या काळातला. शूद्रक राजाच्या दरबारात पिंजऱ्यातला एक पोपट आणला जातो. त्याचे नाव वैशंपायन. त्याचे शुद्ध बोलणे ऐकून दरबार थक्क होतो. राजा मात्र त्याला विचारतो, तू जन्मलास कुठे आणि पिंजऱ्यात आलास कसा?

मग पोपट आपली हकीकत सांगतो. विंध्याच्या अरण्यात एक जुनी सावर होती. तिच्या ढोल्यांमध्ये पोपटांच्या पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या. एके दिवशी एक म्हातारा शिकारी झाडावर चढला, ढोल्यांत हात घालून पिल्ले ओढून काढू लागला आणि माना मुरगळून खाली टाकू लागला. वैशंपायनाच्या वृद्ध बापाने त्याला पंखाखाली झाकले आणि स्वतःचा जीव दिला. पिल्लू वाळल्या पानांच्या ढिगावर पडले, म्हणून वाचले.

मोठा पोपट पाळावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी राजाचा हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. आपण पक्ष्याच्या दुकानात गेलो की पहिला प्रश्न असतो, ‘हा बोलतो का?’ ‘हा आला कुठून?’ असे क्वचितच कुणी विचारते.

पोपटाच्या बोलण्याचे वेड फार जुने आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. इसवी सनापूर्वी 400च्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने माणसासारख्या बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले. आपल्याकडे बाजारात ज्याला पहाडी पोपट म्हणतात, त्याच्या इंग्रजी नावात तर खुद्द अलेक्झांडर बसला आहे. पुढे 1493 साली कोलंबस अमेरिकेकडून परतला तेव्हा त्याच्याबरोबर पोपट होते. 1502च्या एका पोर्तुगीज नकाशात ब्राझीलच्या जागी रंगीबेरंगी मकाव रंगवलेले आहेत. देश अजून नीट कळलेला नव्हता, पण तिथले पोपट मात्र नकाशावर आले होते!

अमेरिकेतले मकाव, ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा आणि आफ्रिकेतला राखाडी पोपट, म्हणजे आफ्रिकन ग्रे, हे या घराण्यातले मोठे पक्षी. त्यांच्या बाबतीत दुसरा प्रश्न आयुष्याचा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये रिचमंडच्या डचेसचा मेणाचा पुतळा आहे आणि शेजारी तिचा पेंढा भरलेला आफ्रिकन पोपट. हा पोपट चाळीस वर्षे तिच्याजवळ होता आणि 1702 मध्ये ती वारल्यावर काही दिवसांतच तोही गेला, असे सांगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा 1934 मध्ये तिथे आला आणि 2016 मध्ये, 83 व्या वर्षी मेला. आता हिशेब करा. पंचेचाळिशीतल्या गृहस्थाने आज मकावचे पिल्लू आणले, तर त्याच्यामागे ते सांभाळायचे कुणी? मुलाने? सुनेने? पोपट आणताना त्यांना विचारले आहे का?

तिसरा प्रश्न, त्याला लागते काय? दाणा, पाणी आणि पिंजरा एवढ्यावर त्याचे भागत नाही. हे पक्षी थव्याने राहणारे, दिवसभर उडत अन्न शोधणारे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे घेतला आणि तो 2007 मध्ये मरेपर्यंत, तीस वर्षे त्याच्याबरोबर काम केले. रंग, आकार आणि वस्तू तो नावाने सांगे, थोडेफार मोजेही. एवढी समज असलेला जीव सकाळी नऊ ते संध्याकाळी सात रिकाम्या फ्लॅटमध्ये कोंडला तर काय होईल? तो ओरडतो, चावतो, स्वतःची पिसे उपटतो. मकावची हाक रानात दूरवर पोचण्यासाठी आहे. दोन खोल्यांत ती कशी वाटेल, हे शेजाऱ्यांना विचारा. आणि तो घरातले सगळेच शिकतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या 1845 मधल्या अंत्यविधीच्या वेळी त्यांचा पोपट इतक्या शिव्या देऊ लागला, की त्याला बाहेर न्यावे लागले, अशी एक आठवण नोंदलेली आहे. शिव्या त्याने शिकल्या कुणाकडून, हे सांगायला नको!

स्वयंपाकघरही जपावे लागते. नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्याच्या वाफेने पोपट दगावू शकतो. ॲव्होकॅडो त्याला विषासमान. उलट पोपटाकडून माणसाला होणारा आजारही आहे. 1929-30 मध्ये पोपटांपासून पसरलेल्या तापाने अनेक देशांत माणसे दगावली आणि अमेरिकेने पोपटांची आयातच बंद केली. तेव्हा पक्ष्यांचे दुखणे जाणणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का, हे आधी पाहावे.

आता पुन्हा राजाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडचा हिरवा राघू पाळणे कायद्याने गुन्हा आहे, हे अजून अनेकांना ठाऊक नसते. त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परदेशी पोपटांच्या ढोल्याही अशाच रिकाम्या होत गेल्या. म्हणून अमेरिकेने 1992 मध्ये रानातल्या पक्ष्यांच्या आयातीवर कडक बंधने घातली. युरोपीय संघाने 2005 मध्ये, बर्ड फ्लूच्या भीतीने, तिला बंदी केली आणि 2007 मध्ये ती कायम केली. आफ्रिकन ग्रेची लूट एवढी झाली, की 2016 मध्ये रानातून पकडलेल्या या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय झाला. भारतातही 2024 च्या नियमांनुसार अशा यादीतले परदेशी पक्षी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. पिल्लू झाले, मेले किंवा दुसऱ्याला दिले, तरी कळवावे लागते. विकणारा कागद दाखवत नसेल, तर तो पक्षी घेऊ नये. तो कुठल्या ढोलीतून आला, हे त्या न दाखवलेल्या कागदातच कळते.

एवढे सगळे पाहूनही ज्याच्याकडे वेळ आहे, जागा आहे, कागद आहेत आणि आपल्यामागे पक्ष्याला सांभाळणारे माणूस आहे, त्याने जरूर विचार करावा. त्याआधी ज्या घरात असा पक्षी वर्षानुवर्षे आहे, तिथे चार दिवस जाऊन यावे; सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, कारण ओरडण्याची वेळ तीच. बाकीच्यांसाठी गावातले वड-पिंपळ आहेत. संध्याकाळी त्यांवर उतरणारे राघूंचे थवे भरपूर बोलतात, आणि ते ऐकायला पिंजरा लागत नाही.