ज़र्ब आणि जरब

उर्दू शाळेत गणिताच्या तासाला 'ज़र्ब' म्हणजे गुणाकार, एरवी आघात. हाच शब्द मराठीत 'जरब' झाला आणि आघाताऐवजी त्याचा धाक सांगू लागला. अण्वस्त्रांचे सारे धोरण या दोन अर्थांमधल्या अंतरावर उभे आहे.

काळाचौकीहून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेत १९६० साली सायरस अणुभट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाच्या मदतीची, जड पाणी अमेरिकेचे. तिच्यातल्याच प्लुटोनियमवर १८ मे १९७४ चा पोखरणचा स्फोट झाला. सरकारने त्याला शांततेसाठीचा स्फोट म्हटले! मे १९९८ च्या पाच चाचण्यांनंतर तो पडदाही उरला नाही.

४ जानेवारी २००३ रोजी सरकारने धोरण जाहीर केले. पहिला वार आपण करणार नाही; आपल्यावर अण्वस्त्र पडले तर प्रत्युत्तर प्रचंड असेल; आदेश मुलकी नेतृत्वच देईल. त्याच निवेदनात मोठ्या जैविक वा रासायनिक हल्ल्यालाही अण्वस्त्राने उत्तर देण्याची मुभा राखली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

मला 'प्रचंड' हा शब्द खटकतो. २०११ साली पाकिस्तानने रणांगणासाठीच्या 'नस्र' या छोट्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. रणगाड्यांच्या तुकडीवर असा एखादा बॉम्ब पडला, तर आपण शहरेच्या शहरे जाळणार? नाही म्हटले तर जरब सैल होते. हो म्हटले तर उलट वार मुंबईवर, आपल्या चाळींवर येतो.

२०१९ साली संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले, पुढे काय ते परिस्थितीवर ठरेल. धोरणाचा मजकूर मात्र २००३ चाच राहिला.