शेगडी, झरोका आणि ठरलेली वेळ

जवाहरनगर म्हटलं की आयुध निर्माणी. स्फोटकांच्या कारखान्यांचा जगभर एक जुना नियम आहे: धोक्याच्या जागी माणसं कमीत कमी, माल कमीत कमी, वेळही कमीत कमी. आणि काही झालंच तर धावून येणारे लोक जवळ हवेत. त्याच हायवेनं भंडारा, लाखनी, साकोली करत पूर्वेला गेलात, की नागझिऱ्याचं जंगल लागतं. इथे धावून येणारं कोण?

१९७० साली अभयारण्य झालेल्या या जंगलात व्यंकटेश माडगूळकर राहिले, पुढे किरण पुरंदरे तब्बल ४०० दिवस राहिले. दोघांची पुस्तकं आपण पशुपक्ष्यांसाठी वाचतो. पण डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा अशा ठिकाणी एकटा माणूस आधी काय सांभाळत असेल?

वाघ, असं उत्तर पटकन तोंडात येतं. इतिहास मात्र शेगडीकडे बोट दाखवतो.

१९३४ साली अमेरिकन दर्यावर्दी रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकात, मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकटाच राहिला. बेत तिघांचा होता. हिवाळ्याआधी तेवढं सामान पोचवता आलं नाही, म्हणून हा एकटा. अन्न होतं, इंधन होतं, रेडिओ होता. पण स्टोव्हचं धुराडं गळकं होतं आणि हवेच्या नळ्या बर्फानं बुजायच्या. मे अखेरीस रेडिओच्या इंजिनाच्या धुरानं तो कोसळला. कार्बन मोनॉक्साइड! या वायूला ना रंग ना वास. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि विचार करायची ताकदच जाते. म्हणजे पळायला हवं हे ज्या मेंदूनं सांगायचं, तोच आधी बंद पडतो.

स्टोव्ह पेटवला तर विष, विझवला तर गारठा. बर्ड दोन महिने या कात्रीत होता आणि आजार लपवत होता, कारण आपल्यासाठी कुणी अंधारात निघावं हे त्याला नको होतं. वाचवलं ते ठरलेल्या वेळेच्या संदेशांनी. त्याचे मोर्सचे निरोप अडखळू लागले, तळावरच्यांना शंका आली. जुलैत निघालेल्यांना परतावं लागलं. ऑगस्टमध्ये तिघे ट्रॅक्टर घेऊन पोचले. तरी बर्डला विमानानं हलवायला ऑक्टोबर उजाडला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी घेऊन झोपण्याची सवय आहे. दर हिवाळ्यात कुठून तरी तशी बातमी येतेच. जंगलातल्या खोलीवर जाणार असाल तर निखारे निजण्याआधी बाहेर काढा, झरोक्यात चिंध्या कोंबू नका. फोनला रेंज नसेल हे धरून चाला. गेटवरच्या माणसाला परतायचा दिवस आणि वेळ सांगून ठेवा, आणि ती टळली तर त्यानं कुणाला कळवायचं, तेही.