चूक दाखविणारांचा इतिहास

अंबरनाथचें शिवमंदिर पाहण्यास जाणारा प्रवासी बहुधा भिंतींवरील मूर्तिकाम पाहून परततो. उत्तरेकडील दाराशीं कोरलेल्या लहानशा लेखाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. परंतु ह्या लेखाच्या वाचनाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांतील शक त्यांना ७८२ असा दिसला. त्या हिशेबानें मंदिर इसवी सन ८६० चें ठरलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासला आणि तो शक ७८२ नसून ९८२ आहे असें दाखवून दिलें. मंदिर इसवी सन १०६० चें, शिलाहार राजा मम्मुणि याच्या कारकीर्दींतील ठरलें. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचा फरक पडला. विशेष हें कीं, ही चूक दुरुस्त करणारे भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच सहवासांत तयार झालेले संशोधक होते.

हें घडूं शकलें याचीं कारणें दोन. दगडावरील मूळ लेख कोणासही पाहण्यास मोकळा होता. आणि पहिलें वाचन विद्वत्सभेच्या नियतकालिकांत छापून सर्वांपुढें ठेवलेलें होतें. तें एखाद्याच्या दप्तरांतच पडून राहिलें असतें, तर त्यांतील दोष कोणास दिसला असता? ज्ञान उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील उणीव दुसऱ्यास दिसते, हें तत्त्व जुनेंच आहे. नवें आहे तें त्याचें आधुनिक रूप. संगणकाच्या आज्ञावलींची, म्हणजे सॉफ्टवेअरची, प्रकाशनापूर्वीं लोकांनीं मिळून घेतलेली परीक्षा हें तें रूप होय.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रानें काय करावें याविषयीं मनुष्यानें लिहिलेला पाठ. हा पाठ विकणाऱ्या कंपन्या तो बहुधा गुप्त ठेवीत. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ह्या रीतीस विरोध म्हणून ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. पाठ वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या लिनक्सचा गाभा अपुऱ्या अवस्थेंतच इतरांपुढें ठेवला आणि त्यांच्या सूचना मागितल्या. १९९३ सालीं डेबियन हा प्रकल्प निघाला. त्यानें १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारांत दोष लपवून ठेवणार नाहीं असें वचन दिलें. त्याची दोषांची नोंदवही जगांतील कोणीही उघडून वाचावी, अशी व्यवस्था झाली. गंभीर दोष शिल्लक असतील तर ठरलेला दिवस पुढें ढकलावा, पण सदोष आवृत्ति बाहेर पाठवूं नये, हा तेथील दंडक आहे. १९९८ सालीं मोझिलाचा पाठ खुला झाला आणि बगझिला नांवाची त्याची दोषनोंदवहीही सर्वांच्या उपयोगास आली.

दोषास बग, म्हणजे किडा, म्हणण्याची चाल मात्र संगणकाहून जुनी आहे. एडिसननें १८७८ सालच्या पत्रांत हा शब्द यंत्रांतील अडचणींविषयीं वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या गणकयंत्रांत खरोखरीचा एक पतंग अडकलेला सांपडला. तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला आणि शब्दास एक गंमतीचा दाखला मिळाला.

ही परीक्षा कशी चालते? छापखान्याशीं परिचय असलेल्यांस ती समजणें कठीण नाहीं. ग्रंथ छापण्यापूर्वीं मुद्रितें निघतात, तीं तपासलीं जातात, आणि शेवटच्या मुद्रितावर संमति मिळाल्यावरच यंत्र फिरतें. सॉफ्टवेअरचें पहिलें अपक्व रूप अल्फा म्हणून थोड्या लोकांत फिरतें. नंतरचें बीटा रूप अनेकांच्या हातीं जातें. कांहीं दिवस आधीं नवीन सोयींची भर घालणें बंद करितात आणि केवळ दुरुस्त्या स्वीकारितात. त्यानंतर प्रकाशनाची उमेदवार आवृत्ति निघते. तींत मोठा दोष न निघाल्यास तीच अंतिम ठरते. ग्रंथाच्या शेवटीं लांब शुद्धिपत्र जोडण्यापेक्षां मुद्रितावरच खूण करणें बरें, असाच हा विचार आहे.

खूण करणाऱ्यासही शिस्त लागते. ‘चालत नाहीं’ एवढेंच कळविल्यानें कोणाचाही उपयोग होत नाहीं. कोणती आवृत्ति होती, क्रमानें काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि प्रत्यक्षांत काय झालें, ह्या चार गोष्टी नोंदींत हव्यात. त्या असल्या म्हणजे हजारों मैल दूर असलेला मनुष्य तोच दोष आपल्या यंत्रावर पुन्हां घडवून पाहूं शकतो. घोडे बदलण्याचें ठाणें म्हणून बदलापूर, अशी त्या गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति लोक सांगतात. अशी कथा ऐकून सोडून देणें वेगळें आणि ती कागदपत्रांशीं ताडून पाहणें वेगळें. दोषाची नोंद ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे.

मराठी भाषेस ह्या परीक्षेचें महत्त्व विशेष आहे, कारण तिचीं अक्षरें यंत्रावर नीट उमटावीं यासाठीं पुष्कळांस असे कष्ट पडले आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. एकांत विद्वानांस बोलावणें आहे, दुसऱ्यांत स्वयंपाक्यांस. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. हा भेद एका लहानशा रफाराच्या वळणावर अवलंबून आहे. हिंदीस त्याची गरज नाहीं. ज्या कारागिरास मराठी येत नाहीं, त्याच्या दृष्टीस येथें कांहींच चुकलेलें दिसणार नाहीं. तसेंच ‘ल’ आणि ‘श’ यांचीं मराठी वळणें हिंदीहून निराळीं आहेत. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमाला निश्चित केली, तेव्हां ह्या वळणांचाही विचार झाला. रेड हॅट कंपनीच्या आश्रयानें निघालेल्या लोहित या मुक्त टंकांत प्रथम हिंदी आणि मराठी यांसाठीं वेगवेगळे टंक होते. पुढें ते एका देवनागरी टंकांत एकत्र करण्यांत आले आणि भाषा ओळखून वळण बदलण्याची योजना झाली. ती योजना प्रत्येक नव्या आवृत्तींत खरोखर चालते कीं नाहीं, हें मराठी वाचणारानेंच पाहावयाचें. फेडोरा ही लिनक्सची मुक्त प्रणाली सुमारें दर सहा महिन्यांनीं नवी होते. तिच्या प्रकाशनापूर्वीं भाषांच्या तपासणीसाठीं स्वतंत्र दिवस ठेवण्याची प्रथा आहे. त्या दिवशीं कोणीही घरबसल्या टंकलेखन करून, पडद्यावरील अक्षरें न्याहाळून आपला निष्कर्ष कळवूं शकतो.

कांहीं दोष टंकाच्याही मुळाशीं असतात. जगांतील लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देणारें युनिकोड हें प्रमाण १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत मराठीच्या ‘ॲ’ या स्वरास स्वतंत्र स्थान नव्हतें. ‘अ’वर अर्धचंद्र चढविण्याचा प्रयत्न केला कीं कित्येक यंत्रांवर मध्येंच एक ठिपक्यांचें वर्तुळ उमटे. २००८ सालच्या ५.१ या आवृत्तींत ह्या स्वरास स्थान मिळालें. ‘ॲसिड’सारखा नित्याचा शब्द सरळ लिहितां यावा यासाठीं सतरा वर्षें जावीं लागलीं.

उल्हासनगरची कथा याहूनही सूचक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा देण्यांत आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्यांनीं घरें मागें टाकलीं, त्यांनीं भाषा बरोबर आणली. १९६७ सालीं सिंधीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. ती अरबी वळणाच्या लिपींत आणि देवनागरींतही लिहिली जाते. श्वास आंत ओढून उच्चारावयाचे तिचे चार ध्वनि देवनागरींत ॻ, ॼ, ॾ आणि ॿ असे लिहितात. ह्या अक्षरांस युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान मिळण्यास २००६ साल उजाडलें. स्थान मिळालें तरी टंकांत त्यांची आकृति असावी लागते आणि ती सुबकही असावी लागते. खालची रेघ अक्षरापासून तुटली आहे कीं त्यास चिकटली आहे, हें ज्याच्या घरांत सिंधी वाचली जाते तोच अचूक सांगेल.

एकदां ठरलेलें प्रमाण बदलतां येत नाहीं, म्हणून तर आधींची परीक्षा महत्त्वाची. युनिकोडचा असा नियम आहे कीं, अक्षरास दिलेलें नांव पुन्हां बदलावयाचें नाहीं. कारण जगभरच्या आज्ञावली त्यावर विसंबून असतात. २००५ सालीं उभ्या लेखनांतील एका कंसाच्या नांवांत ‘ब्रॅकेट’ या इंग्रजी शब्दाचीं दोन अक्षरें उलट क्रमानें पडलीं. चूक ध्यानांत आली, शुद्ध पर्यायी नांवही जोडलें गेलें. परंतु मूळ अशुद्ध नांव आजही तसेंच आहे आणि तसेंच राहील. अंबरनाथच्या लेखाचें वाचन दुरुस्त करतां आलें, कारण चूक वाचणाराची होती. दगडावर कोरणाराच चुकला असता, तर भगवानलालांसही टांकी लावतां आली नसती.

येथें एका गैरसमजाचा विचार करणें अवश्य आहे. एरिक रेमंड यांनीं १९९७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष लपून राहत नाहीं. ह्या विधानांत सत्य आहे, परंतु तें डोळे प्रत्यक्षांत पाहत असतील तरच. संदेशांची गुप्तता राखणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या २०१२ सालच्या आवृत्तींत एक भयंकर दोष शिरला. पाठ सर्वांस उघडा होता. तरी एप्रिल २०१४ पर्यंत तो जाहीर झाला नाहीं. तोंवर असंख्य संकेतस्थळें त्याच आवृत्तीवर चाललीं होतीं. दार उघडें ठेवल्यानें पाहुणा येतोच असें नाहीं. पाठ खुला असणें ही केवळ संधि होय. तिचा उपयोग करणारीं माणसें निर्माण व्हावीं लागतात. भाषेच्या बाबतींत तर नुसते डोळेही पुरत नाहींत, त्या डोळ्यांस ती भाषा यावी लागते.

म्हणून हें कार्य केवळ अभियंत्यांचें आहे असें मानणें चुकीचें होईल. जन्माचा दाखला, शाळेचें प्रशस्तिपत्र, जमिनीचा उतारा, न्यायालयाची नोटीस हीं सर्व आज संगणकावरच तयार होतात. त्यांत एखाद्याच्या आडनांवांतील रफार चुकला, तर तें नांव दुरुस्त करून घेण्यासाठीं त्यालाच कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. प्रकाशनापूर्वीं पांच मिनिटें खर्चून कोणी तो दोष कळविला असता, तर तो त्रास वांचला असता. निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक, व्याकरणाची आवड असलेली गृहिणी, कारकून, विद्यार्थी यांपैकीं कोणासही हें करतां येईल. त्यास आज्ञावली लिहितां येण्याची आवश्यकता नाहीं. आपली भाषा शुद्ध वाचतां यावी आणि जें दिसलें तें नीट लिहून कळविण्याची चिकाटी असावी, एवढें पुरे. आणि कळविलेल्या दोषाचें उत्तर लवकर न आल्यास निराश न होतां, पुढील आवृत्ति निघतांच तो दोष गेला कीं नाहीं, हें पुन्हां पाहण्याचें काम त्यानेंच करावयाचें आहे.