ग्लायडर रेटिंग म्हणजे काय? पायलटला पुन्हा पुन्हा ट्रेनिंग का लागतं?

नंदुरबारकडे सातपुड्यावर पंख न हलवता वर चढणारी घार तुम्ही पाहिली असेल. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा तिला उचलते. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, याच हवेवर उंची मिळवतं. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे.

रेटिंग म्हणजे काय?
पायलटच्या लायसन्सवर मिळणारी ग्लायडर उडवायची वेगळी परवानगी. पण ती एकदा मिळाली म्हणजे काम संपलं, असं नाही. उदाहरणासाठी अमेरिकेचे नियम बघूया:

- फ्लाइट रिव्ह्यू: दर २४ महिन्यांत इन्स्ट्रक्टरसोबत किमान १ तास थिअरी आणि १ तास उड्डाण. ग्लायडरमध्ये तासाभराच्या उड्डाणाऐवजी ३ छोटी ट्रेनिंग उड्डाणं चालतात.
- नवीन रेटिंग: ग्लायडरची प्रॅक्टिकल टेस्ट पास झाली की तीच रिव्ह्यू धरतात. पुढचे २४ महिने तिथून मोजायचे.
- प्रवासी न्यायचा असेल तर: मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग, तेही ग्लायडरमधलेच. विमानातले मोजत नाहीत.

एवढी कडक अट कशाला?
विमानात लँडिंग चुकतंय असं वाटलं तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जाता येतं. ग्लायडरमध्ये लँडिंगचा चान्स एकच. विमानाची सवय इथे जिवावर बेतू शकते, म्हणून सराव ताजा हवा.

भारतात लायसन्स डीजीसीए देतं. इथल्या अटी वेगळ्या आहेत, त्या डीजीसीएच्या वेबसाइटवरच तपासा.